शंकेला जागा

'घरगुती' हा मराठीतला अत्यंत विश्वासू शब्द आहे. घरगुती खाणावळ, घरगुती मसाले, घरगुती शिकवण्या, घरगुती उपाय. हा शब्द मागे लागला की पुढची वस्तू तपासून पाहायची नसते, असा आपल्याकडे संकेतच आहे. खाणावळीच्या आमटीत डाळ सापडली नाही तरी 'अहो, घरगुती आहे' असं कळल्यावर माणूस ती मुकाट्याने पितो. फक्त दोन ठिकाणी या शब्दाची मला धास्ती वाटते. एक घरगुती भांडण आणि दुसरं घरगुती विमान.

घरगुती विमान ही थट्टा नव्हे. अमेरिकेत मोटार ठेवायच्या गॅरेजमध्ये मोटार बाहेर काढून आत विमान बांधणारी माणसं आहेत, आणि ती हजारांनी आहेत. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी नावाच्या गृहस्थाने मिलवॉकीला अशा विमानवेड्यांची संघटना काढली. १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला त्यांची जत्रा भरत आली आहे. जुलैच्या अखेरीस तिथे मंडळी आपापली विमानं उडवत येतात आणि विमानाच्याच पंखाखाली तंबू ठोकून मुक्काम करतात. सरकारची अट एवढीच, की विमानाचं अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या हाताने केलेलं असलं पाहिजे. लग्नाचं जेवण आपल्या बायकोने केलंय असं सांगणाऱ्या किती यजमानांना ही अट पुरी करता येईल, कोण जाणे!

आपल्याकडेही हे वेड अगदीच अनोळखी नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. आमच्या सोसायटीत गच्चीवर गादी वाळत घालायची तरी सेक्रेटरीची लेखी परवानगी लागते. त्यामुळे विमान बांधण्याचा पराक्रम मोठा की गच्ची मिळवण्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा या विषयाशी संबंध भाच्यामार्फत आला. तो विस्कॉन्सिनमध्ये असतो. त्याने सात वर्षं खपून, सुट्या भागांचा संच मागवून, दोन आसनी विमान बांधलं. आपल्याकडे जुन्या बायका पोरांची वयं प्लेगाच्या साथीवरून किंवा पुरावरून सांगत. आमची भाचेसून विमानावरून सांगते. "थोरली पंखांच्या वेळची, मामा. धाकटा चाकांच्या वेळचा." चाकांच्या वेळी घरात बरंच काही चाललेलं होतं, हे नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

आता चाकांविषयी. विमानाला चाकं लागतात ती जमिनीवर. एकदा हवेत गेलं की ती चाकं म्हणजे वरातीत नाचताना हातात राहिलेली भाजीची पिशवी. ती वाऱ्याला अडवतात आणि वेग खातात. म्हणून काही विमानांत ती पोटात दुमडून घ्यायची सोय असते. बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' या घरी बांधायच्या विमानात फक्त पुढचं चाक आत जातं, तेही हाताने दांडा फिरवून. जमिनीवर उभं करून ठेवताना ते चाक आत घेतात आणि विमान नाक टेकून बसतं. देवळासमोर नंदी बसावा तसं. पण भाच्याला तीनही चाकं आत घ्यायची होती आणि तीही बटण दाबून. वेग वाढतो हे खरंच. पण चाकं पोटात घेत धावपट्टीवरून वर चढणारं विमान जे रुबाबदार दिसतं, त्याचाही या निर्णयात वाटा असावा.

ही आत-बाहेर करण्याची कामगिरी तेल पार पाडतं. विजेवर चालणारा एक छोटा पंप लालसर रंगाचं तेल नळ्यांतून ढकलतो. प्रत्येक चाकाला एक सिलिंडर. त्यातल्या दट्ट्याच्या एका बाजूला तेल लोटलं की चाक वर, दुसऱ्या बाजूला लोटलं की खाली. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम. चाक पुरतं खाली आलं की त्याची दुमडती पट्टी सरळ होऊन किंचित पलीकडे जाते आणि अडकते. ताठ उभं राहताना आपला गुडघा अडकतो ना, तशी. मग तेल नसलं तरी चाक दुमडत नाही. पण चाक वर असताना मात्र अशा अनेक छोट्या विमानांत अडकवायला काहीच नसतं. चाकं नुसत्या तेलाच्या दाबावर तोलून धरलेली असतात. दाब उतरला की एक स्विच पंपाला जागं करतो, पंप पुन्हा दाब भरतो आणि झोपी जातो. तेलाने अगदीच दगा दिला तर एक व्हॉल्व्ह हाताने उघडायचा. दोन्ही बाजूंचं तेल एक होतं आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. पुढच्या चाकाला बहुधा वाऱ्याविरुद्ध यावं लागतं, म्हणून त्याच्या मदतीला वायूची स्प्रिंग दिलेली असते.

मी तिकडे गेलो तेव्हा या विमानाला खोड लागली होती. चाकं वर घेतल्यावर पंपाने एकदा घुर्र करून गप्प बसावं की नाही? हा दर चार मिनिटांनी घुर्र करायचा. बाकी सगळं ठीक. चाकं वर जात होती, खाली येत होती, अडकत होती. नुसती मधूनमधून घुर्र. आपल्याकडे एवढ्यावर कोणी वैद्याकडेसुद्धा गेलं नसतं. पण भाच्याने विमान हँगरमध्ये आणलं, जॅकवर चढवलं आणि माझ्या हातात बॅटरी दिली. अमेरिकेत माणूस कितीही पुढे गेला तरी बॅटरी धरायला मामा लागतोच.

आधी त्याने सगळ्या नळ्या आणि जोड पुसून पाहिले. तेलाचा थेंब कुठे नाही. म्हणजे तेल बाहेर जात नव्हतं. गळती असलीच तर आतल्या आत. मग त्याने संशयितांची यादी केली. पहिला, दाबावर लक्ष ठेवणारा स्विच. दुसरा, पंपातला तेल परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह. तिसरा, तो हाताने उघडायचा व्हॉल्व्ह, नीट मिटत नसावा. आणि सर्वांत शेवटी, सिलिंडरांच्या दट्ट्यांवरची रबरी सीलं. यादी लिहून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, स्विचच असणार. नवा मागवतो."

शेजारच्या हँगरमध्ये एक निवृत्त मेकॅनिक आजोबा बसलेले असत. अशी माणसं जगातल्या प्रत्येक विमानतळावर आणि प्रत्येक सायकलच्या दुकानात असतात. त्यांनी यादी चष्म्याच्या वरून वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं तू स्वतः काय काय जोडलंस?"

भाचा जरा थांबून म्हणाला, "सिलिंडर."

"मग यादी खालून वर वाच," असं म्हणून आजोबा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी ती यादी पुन्हा पाहिली आणि चकितच झालो. ती शक्यतेच्या क्रमाने लावलेलीच नव्हती. ती लावली होती अब्रूच्या क्रमाने! स्विच कारखान्यातून आलेला. पंप कारखान्यातून आलेला. व्हॉल्व्ह विकतचा. आणि ज्या गोष्टीला याच्या स्वतःच्या बोटांचा स्पर्श झाला होता, ती तळाशी, 'असलंच तर' या सदरात. भाचा पेशाने इंजिनिअर आहे. त्याने हे जाणूनबुजून केलं नव्हतं. माणसाचं मन ही हिशेबवही परस्पर लिहून मोकळं होतं.

पुढचं काम सोपं होतं. तेलाच्या नळीला दाबाचं गेज लावलं. दाब टिकून राहिला आणि तरी पंप चालला, तर दोष स्विचचा. दाबच उतरला, तर गळती खरी. आम्ही चाकं वर घेतली आणि गेजच्या काट्याकडे बघत बसलो. काटा शेअरबाजारासारखा धाडकन पडला नाही. आपल्या ध्यानात येणार नाही अशा बेताने, सज्जनासारखा उतरत गेला. स्विच निर्दोष सुटला. मग एकेका सिलिंडरची खाली आणणाऱ्या बाजूची नळी सोडवून पाहायची. वरच्या बाजूला दाब असताना तिथून तेल पाझरलं, तर ते दट्ट्याला चकवून आलेलं असणार. पुढचं चाक: कोरडं. उजवं चाक: कोरडं. डावं चाक: आणि लाल तेलाची एक बारीक धार माझ्या बॅटरीच्या उजेडात चमकली.

सिलिंडर उघडला. आतल्या रबरी कड्यावर नखाच्या चंद्राएवढा काप होता. बसवताना कडं आट्यांच्या धारेवरून सरकलं की असा काप पडतो. तो कधी पडला असेल याचा हिशेब भाचेसुनेने तत्काळ मांडला. "धाकट्याला कांजिण्या झाल्या होत्या ना, तेव्हा तुम्ही रात्री दीड वाजता हेच करत होतात." चार-दोन चहांच्या किमतीचं कडं! भाचा ते बोटावर फिरवत बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मामा, हा सिलिंडर दुसऱ्या कोणी जोडला असता, तर मी पहिल्या दिवशीच उघडला असता."

हे वाक्य मला एखाद्या नीतिशास्त्राच्या ग्रंथापेक्षा वजनदार वाटतं. कारखान्यातल्या विमानाची एक सोय असते. बांधणारा एक, तपासणारा दुसरा, उडवणारा तिसरा. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्यावर शंका घेता येते, आणि ते काम माणूस मोठ्या आवडीने करतो. घरगुती विमानाला सुरुवातीला सरकारी तपासनीस येऊन पाहून जातो हे खरं, पण पुढे दरवर्षीची तपासणी करण्याचा दाखला खुद्द बांधणाऱ्यालाच मिळू शकतो. म्हणजे आरोपी तोच, वकील तोच आणि न्यायाधीशही तोच. अशा कोर्टात निकाल काय लागतो हे आपण घरोघर पाहतो. मुलीकडच्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करणारे वडील आपल्या चिरंजीवांबद्दल मात्र 'तसा स्वभावाने चांगला आहे' एवढ्यावर फाईल बंद करतात. आपल्या हातचं, आपल्या पोटचं, आपल्या पक्षाचं, आपल्या जातीचं. तिथे सगळे स्विच कारखान्यातले आणि सगळे दोष दुसऱ्याचे.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर 'माणसाने सदैव स्वतःवर शंका घ्यावी' असा सुविचार फळ्यावर लिहून मी मोकळा झालो असतो. गोष्ट इतकी सोपी नाही. शंकेलाही वेळ-काळ असतो.

वैमानिकासमोर तीन छोटे हिरवे दिवे असतात, प्रत्येक चाकाचा एक. चाक खाली येऊन अडकलं की दिवा लागतो. आपल्या तर्कशास्त्रातला तो डोंगर आणि धूर आठवा: धूर दिसला, म्हणून आग आहे. इथे दिवा दिसला, म्हणून चाक आहे. पण दिवा लागला नाही तर? चाक आलं नसेल. किंवा चाक आलंय, पण स्विच बिघडलाय. किंवा दोन्ही ठीक आहेत आणि बल्बच गेलाय. खुर्चीतून पंखाखालचं चाक दिसत नाही. धूर नाही, आणि डोंगरही नाही.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरू पाहणाऱ्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली करून वैमानिक त्या दिव्याच्या मागे लागले. दिवा काढला, घातला; एक जण चाक डोळ्यांनी पाहायला खालच्या खोबणीत उतरला. या गडबडीत उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली आणि विमान हळूहळू खाली येत राहिलं. त्या गेजच्या काट्यासारखंच, कोणाच्या ध्यानात न येता. ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ माणसांपैकी १०१ गेली. चाक खाली आलेलं होतं. गेले होते ते दिव्यातले बल्ब.

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, पोर्टलँडच्या आकाशात युनायटेडचं विमान असंच चाकांच्या काळजीत घिरट्या घालत राहिलं. चाकं नक्की आलीत का, याची खातरजमा इतकी कसोशीने चालली होती की इंधन संपलं. १८९ पैकी १० माणसं दगावली. तिथेही चाकं खाली होती. त्यानंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना एकमेकांचं ऐकायला शिकवण्याचे रीतसर वर्ग काढले.

या दोन्ही ठिकाणची माणसं बेफिकीर नव्हती. उलट ती फार काळजीवाहू होती. त्यांची शंकाही रास्त होती. पण शंकेलाही इंधन लागतं, आणि ते विमानाच्याच टाकीतून जातं.

गंमत अशी, की ज्या पास्कलच्या नियमावर ही चाकं चालतात, त्यानेच श्रद्धेबद्दल एक प्रसिद्ध पैज मांडून ठेवली आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नसेल, तर आहे असं धरून चालावं. कारण असला तर लाभ अपार, आणि नसला तर फार काही गेलं नाही. गृहस्थ अवघ्या ३९ व्या वर्षी, १६६२ साली वारला. द्रवांवरचा त्याचा ग्रंथ आणि ही पैज, दोन्ही त्याच्या मागे छापली गेली. वैमानिकही अशीच पैज लावतो, फक्त उलट्या बाजूने: दिवा नाही, तर चाक नाही असंच धरून चालायचं. चाक असलं तर एक जादा घिरटी वाया गेली, नसलं तर जीव वाचला. हिशेब चोख आहे. मात्र पास्कलच्या पैजेला मुदत नव्हती, वैमानिकाच्या पैजेला आहे. टाकीचा काटा हीच ती मुदत.

म्हणून मला वाटतं, शंका घ्यावी की श्रद्धा ठेवावी हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे आणि कधी, हे त्यात विचारायला हवं. शंकेची जागा जमिनीवर, जॅकवर, हातात बॅटरी घेतलेला मामा शेजारी असताना. तिथे ती निर्दयपणे घ्यावी, आणि सुरुवात स्वतःच्या बोटांपासून करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळंच एकदम बदललं तर घुर्र थांबते, पण कशामुळे थांबली हे कळत नाही, आणि न कळलेला उपाय हा अंगाऱ्यासारखाच. हवेत गेल्यावर मात्र आधी विमान उडवावं; उरलेल्या लक्षातून शंकेला काय द्यायचं ते द्यावं.

आपण नेमकं उलटं करतो. वर्षभर मुलाच्या वहीकडे न पाहणारे वडील तो परीक्षेच्या खोलीत शिरताना विचारतात, "तो सातवा धडा झालाय ना रे नीट?" आता त्या पोराने काय करावं? चाकं वर, दिवा बंद, आणि इंधन तीन तासांचं!

आणि जिथे शंका वाजायला हवी, तिथे आपण ती बंद करून ठेवतो. या विमानांत एक भोंगा असतो. चाकं वर असताना इंजिनाचा जोर पुरता कमी केला की तो कोकलायला लागतो: अरे, उतरतोयस की काय? चाकं कुठायत? कधी कधी माणूस उतरत नसतो, नुसता खाली येत असतो. तरी तो कोकलतोच. मग कटकट नको म्हणून त्याचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवणारे महाभाग निघतात. सदसद्विवेकबुद्धी म्हणतात ती हीच असावी. तीही दहातल्या नऊ वेळा विनाकारण वाजते, आणि तिचाही ब्रेकर हाताशीच असतो.

नवं कडं बसवल्यावर भाच्याने दहा तास एकट्याने विमान उडवलं. दोन्ही पोरं रोज विचारत होती, पण त्याने दाद दिली नाही. मग एका रविवारी तो म्हणाला, "मामा, येता?"

विमानाच्या दाराशी कायद्याने लिहायला लावलेला शब्द मोठ्या अक्षरांत होता: 'एक्सपेरिमेंटल'. आत प्रवाशांसाठी आणखी एक पाटी होती, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही. इतकी प्रामाणिक पाटी मी आजवर कुठल्याही कचेरीवर, दवाखान्यावर किंवा लग्नपत्रिकेवर पाहिलेली नाही. मी भाच्याला विचारलं, "आता सगळं नक्की ठीक आहे ना?"

तो म्हणाला, "नाही सांगता येत. डाव्या सिलिंडरचं बघितलंत तुम्ही. उजवाही त्याच आठवड्यात जोडला होता, म्हणून तोही उघडून पाहिला, ठीक निघाला. पंपातल्या व्हॉल्व्हची खात्री आहे, पण शंभर टक्के नाही. दिवा नाही लागला तर एक घिरटी घालू, तो हातातला व्हॉल्व्ह उघडू, आणि अर्धी टाकी उरलेली असतानाच लांब धावपट्टीच्या विमानतळाकडे जाऊ."

'शंभर टक्के ठीक आहे' असं तो म्हणाला असता तर मी गुडघेदुखीची सबब सांगितली असती. पण जो माणूस आपल्या हातच्या कामात कुठे खोट असू शकेल याची यादी न मागता देतो, आणि तीही खालून वर, त्याच्या शेजारी बसायला हरकत नाही. मी बसलो. चाकं वर गेली. पंप घुर्र करून गप्प झाला. मी हळूच मनगटाकडे पाहिलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन.

"मामा," भाचा समोर बघतच म्हणाला, "शंका जमिनीवर."

मी मनगट शर्टाच्या बाहीत ओढून घेतलं आणि खाली पाहायला लागलो. खाली विस्कॉन्सिनच्या गाई चरत होत्या. त्यांची चारही चाकं कायमची बाहेर होती, आणि त्या अत्यंत सुखी दिसत होत्या.